पोळ्याला बैल रंगवला नाही : स्किझोफ्रेनियाच्या एका निदानाची हकिगत

वसुबारसेच्या दुपारी, दवाखाना बंद करायच्या बेतात असताना निफाड तालुक्यातून एक जीप आली. चौघं उतरले : २२ वर्षांचा मुलगा, त्याचे वडील, मामा आणि आई. माझ्यासमोरच्या दोन खुर्च्यांवर वडील आणि मामा बसले, मुलगा भिंतीकडच्या बाकावर, आई दाराशी उभी. बोलायचं काम मामांनी घेतलं.

"मॅडम, पोरगं एकदम चांगलं होतं. नवरात्रात मित्रांबरोबर वणीच्या गडावर पायी गेलं. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. गडावरून आल्यापासून हे असं."

या एका वाक्यामुळे निदान सहा महिने आडवाटेला गेलं. मामा खोटं बोलत नव्हते, त्यांनी जे पाहिलं ते सांगितलं. चूक माझी होती : त्यांनी जे पाहिलं नव्हतं, ते मी दुसऱ्या कुणाला विचारलं नाही. कुटुंबाच्या परवानगीने हे लिहिते आहे, आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मामांनी सांगितलेली हकिगत अशी. गडावरून आल्यापासून तीन आठवडे झोप नाही. रात्री अंगणात येरझाऱ्या, मध्येच कुणाला तरी शिव्या. देवऋषी झाला, त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळीची चौकशी करून झाली, गावातल्या डॉक्टरांकडून झोपेच्या गोळ्या आणल्या. दोन दिवस झोपला, मग पुन्हा तेच. ऑक्टोबर छाटणीचे दिवस, घरात माणूस कमी, आणि हा बागेत पाऊल ठेवायला तयार नाही.

माझ्याकडे काम करणाऱ्या मानसतज्ज्ञ मुंबईत वाढलेल्या. त्यांनी आधी मुलाशी बोलून टिपण केलं होतं : "बोलणं असंबद्ध. वेलीचे डोळे फुटले, वडील डोळे मोजायला लावतात, असं म्हणतो." मी वाचलं आणि थांबले. द्राक्षाच्या गावात हे वाक्य पूर्ण शुद्धीतलं आहे. छाटणीनंतर काडीवर जे कोंब ठेवतात त्यांना डोळे म्हणतात, ते मोजतात, आणि थोड्या दिवसांत ते फुटतात. त्यात वेड काही नाही. ते टिपण मी खोडलं.

पण मग मुलाला मीच विचारलं, "डोळे मोजायला का नको वाटतं?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग खाली बघत म्हणाला, "मी मोजतो तेव्हा ते पण मोजतात. मी काय विचार करतो ते खालच्या वस्तीपर्यंत जातं."

म्हणजे टिपण करणाऱ्या बाईंचं चुकलं होतं आणि माझंही. बागाईतदाराची भाषा आणि आजाराची भाषा एकाच शब्दात गुंतली होती. डोळे हा रोजचा शब्द. ते आपल्याला पाहतात, आपले विचार त्यांच्यामार्फत गावभर पसरतात, ही खात्री मात्र रोजची नव्हती. लक्षण शोधताना शब्दाशी थांबून चालत नाही, तो शब्द त्या माणसाच्या लेखी काय करतो आहे हे विचारावं लागतं.

पुढे हळूहळू बाकीचं बाहेर आलं. दोन पुरुषांचे आवाज, ओळखीचे नाहीत. ते आपसात बोलतात आणि त्याच्या हालचालींचं समालोचन करतात : "आता उठला. आता पाणी प्यायला निघाला." ट्रॅक्टरवरचा ब्लोअर फवारणीसाठी चालू झाला की आवाज मोठे होतात. ब्लोअरची घरघर त्याला वेगळी ऐकू येते आणि त्याच वेळी आवाजही वेगळे, म्हणजे घरघरच बोलण्यासारखी वाटली, अशी ही ऐकण्यातली गफलत नव्हे. रात्री ब्लोअर बंद असतानाही ते असतातच.

म्हणी मी नेहमी विचारते. "नाचता येईना अंगण वाकडं" याचा अर्थ काय? "अंगण सारवून सपाट करायचं." "उथळ पाण्याला खळखळाट फार"? "गंगेला पाणी कमी असलं की आवाज येतो." नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, त्यामुळे उत्तर तसं बरोबरही होतं. पण डिप्लोमापर्यंत शिकलेला, मराठी माध्यमातला मुलगा म्हणीचा गाभा सोडून तिच्या शब्दांना चिकटून बसतो, हे मी नोंदवून ठेवलं. नुसत्या म्हणींवरून निदान कधीच करू नये. शाळा अर्धवट सुटलेला निरोगी माणूसही असं उत्तर देऊ शकतो.

मामांनी आणखी एक गोष्ट सुचवली : याच्या चुलतीच्या अंगात येतं, चैत्रात गडावर, म्हणजे घराण्यातच आहे. मी तपशील विचारला. चुलतीच्या अंगात ठरलेल्या ठिकाणी, ठरलेल्या दिवशी येतं. सगळ्यांना ते ओळखीचं आहे. घटकाभराने ती उठते, घरी येऊन भाकरी थापते, बाकीचं वर्षभर शेत सांभाळते. समाजात मान्य असलेल्या अशा अनुभवाला जागतिक आरोग्य संघटनेचं वर्गीकरणही आजार म्हणत नाही. मुलाचं तसं नव्हतं. त्याला जे होत होतं ते गावात कुणालाच ओळखीचं नव्हतं, त्यालाही नकोसं होतं, आणि ते थांबत नव्हतं.

पहिलं निदान

आधी शरीर. थायरॉईड, साखर, यकृत, मूत्रपिंड, बी १२, एचआयव्ही, व्हीडीआरएल (सिफिलिससाठी), लघवीत गांज्याची तपासणी. फिट येण्याचा इतिहास नव्हता, तरी ईईजी (मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख) केला. मेंदूचा एमआरआय वडिलांच्या आग्रहाखातर आणि माझ्याही समाधानासाठी. सगळं ठीक. तो शुद्धीत होता, तारीख-वार बरोबर सांगत होता, दिसण्याचे भास नव्हते. यांपैकी काही बिघडलेलं असतं तर मी मेंदूच्या किंवा शरीराच्या आजाराकडे आधी वळले असते.

वडिलांनी अहवाल हातात घेऊन विचारलं, "एमआरआयमध्ये काही नाही, मग आजार कसला?" हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावा लागतो आणि तो रास्त आहे. स्किझोफ्रेनिया दाखवणारी रक्ताची तपासणी नाही, स्कॅन नाही. तपासण्या दुसरे आजार वगळण्यासाठी असतात. हे निदान लक्षणं, त्यांचा कालावधी आणि माणसाच्या जगण्यावर झालेला परिणाम यांवरच उभं राहतं. म्हणून तर हकिगत कोण सांगतं याला एवढं महत्त्व.

झोप कमी, बडबड जास्त, म्हणून उन्मादाचाही विचार केला. पण उत्साह नव्हता, मोठेपणाच्या गोष्टी नव्हत्या, होती ती भीती. झोप भीतीने उडाली होती. आणि मामांच्या सांगण्यानुसार सुरुवात अचानक, आधी पूर्ण बरा, कालावधी तीन आठवडे. मी फाईलवर लिहिलं : तीव्र व अल्पकालीन सायकोसिस (भास-भ्रमांमुळे वास्तवाशी नातं सुटणं), आयसीडी-११ म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार ६ए२३, तात्पुरतं निदान.

त्या माहितीवर ते बरोबर होतं. आयसीडी-११ मध्ये या निदानासाठी लक्षणं कोणत्याही पूर्वसूचनेशिवाय उद्भवून दोन आठवड्यांच्या आत टोकाला पोचावी लागतात, उदासीनता-निष्क्रियतेसारखी नकारात्मक लक्षणं नसावी लागतात, आणि सगळं सहसा महिन्याभरात, जास्तीत जास्त तीन महिन्यांत ओसरावं लागतं. आपल्याकडे असे रुग्ण पुष्कळ दिसतात आणि बरेच जण पूर्ण बरे होतात. म्हणून घाईने मोठं नाव देणं मला आवडत नाही.

रिस्पेरिडोन हे भास-भ्रम कमी करणारं औषध २ मिलिग्रॅमने सुरू करून ४ वर नेलं. आवाज पूर्ण थांबायला चार आठवडे लागले. इथे मी दुसऱ्यांदा चुकले. आधीचे तीन आठवडे आणि हे चार, म्हणजे स्किझोफ्रेनियासाठी आयसीडी-११ ला लागणारी एक महिन्याची मुदत केव्हाच उलटली होती. फाईल पुन्हा वाचून निदान तपासायला हवं होतं. पण मुलगा बरा होत होता, कुटुंब खूश होतं, मीही होते. जानेवारीच्या शेवटी, काढणीच्या धांदलीत, त्यांनी गोळ्या बंद केल्या. मला कळवलं नाही.

दाराशी उभी असलेली बाई

चैत्रात ते परत आले. दीड महिन्यापासून आवाज सुरू. या वेळी मामा नव्हते, आणि वडील मुलाला घेऊन बाहेरच थांबले. आई एकटी आत आली आणि पहिल्यांदा खुर्चीवर बसली. मी नेहमीप्रमाणे विचारलं, "कधीपासून?"

त्या म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही गडापासूनचं लिहिलंय ना? तो त्याच्या आधीच गेला होता."

मग पाऊण तास त्या बोलल्या. गडाच्या आदल्या वर्षीच्या दिवाळीला मुलगा सातपूरच्या खोलीवरून घरी आला तो परत गेलाच नाही. विषय राहिलेत, पुढच्या वेळी देतो म्हणाला. क्रिकेट सुटलं. मित्रांचे फोन घेईना. ताट वाढलं तर जेवायचा, नाही वाढलं तर मागायचा नाही. एकच शर्ट आठवडा-आठवडा. अंघोळीला ढकलावं लागायचं. विचारलं की "हं." मोबाईलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली होती. वडील म्हणायचे मोबाईलचा नाद, आजी म्हणायची कुणा पोरीने फसवलं.

"पोळ्याला त्याने बैलाला हात लावला नाही," त्या म्हणाल्या. "सहा वर्षांचा असल्यापासून शिंगं तोच रंगवायचा. त्या दिवशी पडवीत बसून नुसता बघत होता. रडला असता तरी मला बरं वाटलं असतं."

मी विचारलं, हे त्या दिवशी का नाही सांगितलं? त्या म्हणाल्या, "भाऊ बोलत होते." यावर मी काही बोलू शकले नाही. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे : घरात त्या माणसाला रोज जेवायला कोण वाढतं, हे विचारायचं, आणि त्या व्यक्तीशी एकटीने बोलल्याशिवाय निदानाची ओळ लिहायची नाही.

त्या पाऊण तासाने वर्गीकरण उलटलं. जवळजवळ ११ महिन्यांची पूर्वसूचना होती, तेव्हा ६ए२३ ची अटच मोडली. आयसीडी-११ मध्ये स्किझोफ्रेनियासाठी किमान दोन लक्षणं महिनाभर हवीत, आणि त्यांतलं निदान एक गाभ्याचं : टिकून राहणारा भ्रम (पुराव्याने न हलणारी चुकीची खात्री), टिकून राहणारे भास, विचारांची विस्कळित मांडणी, किंवा आपले विचार-कृती बाहेरून चालवले जातात, पसरवले जातात असा अनुभव. याच्याकडे भ्रम, भास आणि विचार पसरण्याचा अनुभव तिन्ही होते. आता फाईलवर ६ए२०, म्हणजे स्किझोफ्रेनिया, आलं.

अमेरिकेची डीएसएम-५ ही पद्धत वापरली असती तर? तिथे एकूण सहा महिने आजाराच्या खुणा लागतात, पण त्या सहा महिन्यांत पूर्वसूचनेचा काळही धरतात, आणि ठळक लक्षणं उपचारांनी लवकर आटोक्यात आली तर त्यांचा महिना पूर्ण भरावा असंही नाही. म्हणजे आईची हकिगत पहिल्या महिन्यात मिळाली असती तर त्या मापाने निदान नाताळाआधीच झालं असतं. आयसीडीने मात्र वसुबारसेच्या दिवशी, तीन आठवड्यांवर, तिची हकिगत धरूनही स्किझोफ्रेनिया म्हणू दिलं नसतं, थांबून पाहायला लावलं असतं. दोन्ही पद्धतींची मापं वेगळी, पण दोघींनाही तीच एक माहिती हवी होती.

पूर्वी अशा मुलाच्या फाईलवर "पॅरानॉइड प्रकार" असं लिहिलं गेलं असतं. पॅरानॉइड (संशयग्रस्त), विस्कळित, कॅटाटोनिक (हालचाली गोठलेला) वगैरे उपप्रकार डीएसएम-५ ने २०१३ मध्ये काढून टाकले, आणि २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ ने तेच केलं. मला हे पटतं. एकाच माणसात पाच वर्षांत तीन उपप्रकार दिसायचे, आणि उपप्रकारावरून पुढचं भविष्य नीट सांगता येत नसे. आता सहा बाजू वेगवेगळ्या मोजतात : सकारात्मक, नकारात्मक, नैराश्याची, उन्मादाची, हालचालींची आणि आकलनाची लक्षणं. सकारात्मक म्हणजे चांगली नव्हेत, जे नसायला हवं ते आलं आहे ती, उदाहरणार्थ आवाज, भ्रम. नकारात्मक म्हणजे जे असायला हवं ते गेलं आहे ती : चेहऱ्यावरचे भाव, बोलणं, उमेद, माणसांची ओढ, कशातून तरी मिळणारा आनंद. पोळ्याला न रंगवलेली शिंगं या दुसऱ्या रकान्यातली.

घरच्यांना, शेजाऱ्यांना, आम्हा डॉक्टरांनाही आवाज आधी दिसतात, कारण ते ऐकणारा माणूस अंगणात ओरडतो. या मुलाचं निदान मात्र आवाजांनी ठरलं नाही. आवाज थोड्या दिवसांच्या आजारातही येतात, नशेत येतात, तीव्र नैराश्यातही येतात. निदान ठरलं ते आधीच्या गप्प वर्षावरून.

औषधाचा आळस की आजाराचा

औषध पुन्हा सुरू केलं, ४ मिलिग्रॅमवर. सहा आठवड्यांत आवाज जवळजवळ गेले. पण मुलगा दगडासारखा बसून. आई म्हणाली, "पुन्हा पडवीत गेला."

इथे थांबावं लागतं. भावहीन चेहरा आजारामुळे असतो, तसाच औषधामुळे येणाऱ्या पार्किन्सनसारख्या ताठरपणामुळेही असतो. नैराश्यानेही असतो. आवाजांच्या भीतीने कोपऱ्यात बसलेला माणूसही निष्क्रिय दिसतो. मी त्याला दवाखान्याच्या बोळात चालायला लावलं : हात हलत नव्हते. मनगट फिरवलं तर अडकत अडकत फिरत होतं. मात्रा ३ वर आणली. पंधरा दिवसांनी हात हलू लागले, पहिल्यांदा तो माझ्याकडे बघून हसला. उदास वाटतं का, जगावंसं वाटतं का, हेही दर वेळी सरळ विचारलं. उदासी थोडी होती, मरायचा विचार नव्हता.

हे सगळं वजा केल्यावर जे उरलं ते आजाराचं स्वतःचं होतं : स्वतःहून काही सुरू न करणं, आणि तीन कामं सांगितली तर तिसरं विसरणं. फाईलवर लिहिलं : सकारात्मक सौम्य, नकारात्मक मध्यम, आकलन मध्यम, नैराश्य सौम्य. एका उपप्रकाराच्या शिक्क्यापेक्षा या चार शब्दांनी मला पुढे काय करायचं ते जास्त सांगितलं. मात्रा वाढवून उपयोग नव्हता. गरज होती ती ठरलेल्या वेळी ठरलेल्या एका छोट्या कामाची. वडिलांनी त्याला क्रेट मोजून वहीत लिहायचं काम दिलं.

एक सूचना मी अशा प्रत्येक द्राक्षबागाईतदार घराला देते. कीटकनाशकांच्या खोलीला कुलूप, आणि किल्ली वडिलांच्या कमरेला. या आजारात सुमारे ५ टक्के रुग्ण आत्महत्येने जातात, धोका सुरुवातीच्या वर्षांत जास्त असतो, आणि बागेत विष हाताशी असतं.

नाव सांगणं

निदानाचं नाव मी मुलाला आधी सांगितलं, मग आईवडिलांना. स्किझोफ्रेनिया हा शब्द ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये बर्लिनच्या व्याख्यानात वापरला. त्यांना विचार, भावना, इच्छा यांचा सांधा सुटतो असं म्हणायचं होतं. आपण मराठीत छिन्नमनस्कता केलं, आणि लोकांनी त्याचं दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व केलं. मामांनी फोनवर विचारलंच, "म्हणजे याच्यात दोन माणसं आहेत का?" नाहीत. जपानने २००२ मध्ये या आजाराचं नावच बदललं, कारण जुन्या नावाने रुग्णांना निदान सांगणंच डॉक्टर टाळत. आपल्याकडेही नावावर विचार व्हायला हवा असं मला वाटतं. तोवर मी सांगते : मनाची सांधेजोड ढिली करणारा आजार, औषधाने आटोक्यात राहणारा.

मामांचा पुढचा प्रश्न वेगळा होता. आजोबांनी दोन एकर नातवाच्या नावावर केलेत, आता याची सही चालेल का? मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ याचं कलम ३ यावर स्पष्ट आहे. मानसिक आजार आहे, एवढ्यावरून माणूस कायद्याच्या लेखी वेडा ठरत नाही, तसं सक्षम न्यायालयानेच ठरवावं लागतं. त्याच कलमात हेही आहे की निदान आयसीडीसारख्या मान्य मापदंडांनीच व्हावं, समाजाच्या चालीरीतींशी न जुळणाऱ्या वागण्यावरून नाही. मी हे वडिलांसमोर आणि मुलासमोर वाचून दाखवलं. मुलगा म्हणाला, "मग सातबारा माझ्याकडेच राहू द्या." महिनाभरातलं त्याचं सगळ्यात लांब वाक्य.

गेल्या महिन्यात ते आले होते. ३ मिलिग्रॅम चालू आहे, वजन साडेतीन किलोंनी वाढलं आहे, साखर आणि चरबीच्या तपासण्या पुढच्या खेपेला. कॉलेज अजून नाही. क्रेटची वही भरते आहे, रविवारचं पान बहुधा कोरं असतं. आवाज आठवड्यातून एखाद्या वेळी, हळू, आणि आता तो आईला सांगतो.

जाताना वडिलांनी विचारलं, ओझरकडची एक मुलगी सांगून आली आहे, मुलीकडच्यांना आजाराचं सांगायचं का? मी म्हटलं, सांगायचं, आणि मुलाला लग्न हवं आहे का ते आधी विचारायचं. आई होकारार्थी मान डोलावत होत्या. वडिलांना पटलं नाही, आणि मुलाने काहीच उत्तर दिलं नाही. पुढच्या वेळी त्याला एकट्याला अर्धा तास दिला आहे.